दोन हातोडे, एक खाट

१२ जानेवारी

ताई,

पाया पडतो, पण मनातल्या मनात. केबिनमध्ये वाकलो की कपाळ स्टिअरिंगवर आपटतं आणि हॉर्न वाजतो. काल सकाळी तुझी आठवण काढून वाकलो तर पुढच्या गाडीतला माणूस उतरून भांडायला आला.

फोनवर तू "जेवलास का"च्या पुढे जात नाहीस आणि मी "हो"च्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसलो. रस्ता रुंद झाला, दुकान गेलं, बावीस वर्षांची खुर्ची भंगारात गेली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी तुझा भाऊ लॉरी ड्रायव्हर झाला. चालवणं जमतंय गं. अवघड आहे ते थांबणं.

इथं कंपनीत थांबण्याचे नियम आहेत. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच. दिवसाला नऊ तासांच्या वर चालवायचं नाही. काम संपलं की पुन्हा गाडीला हात लावेपर्यंत अकरा तास मध्ये गेले पाहिजेत. आणि थांबलो की खरोखर थांबायचं, माल उतरवायचा नाही, गाडी पुसायची नाही. केबिनमध्ये एक डबी आहे, तिच्यात माझं कार्ड. डबी सगळं टिपून ठेवते. तिच्यावर चित्रं आहेत. चाक म्हणजे चालवतोय, दोन हातोडे म्हणजे दुसरं काही काम करतोय, खाट म्हणजे विश्रांती. गाडी थांबली की डबी आपणहून हातोड्यांवर जाते. खाट आपण दाबायची.

साठ दिवसांची उमेदवारी आहे. तीन चुका झाल्या की कार्ड परत, गाडी परत आणि मी परत तुझ्या दारात. कार्ड एक तपासनीस बाई वाचतात. नियम त्यांनीच शिकवले. त्यांच्या कपाळावरचे केस डाव्या बाजूला अर्धा इंच जास्त आहेत. दोन दिवस माझं सगळं लक्ष तिथंच होतं, त्यामुळं एखादा नियम निसटला असेल तर सांगता येत नाही.

पंचेचाळीस मिनिटं नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र बाईंनी शिकवलं नाही.

तुझा धाकटा

२० जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण लोकांनी आपल्या घरावर उगाच नाही केली. गिऱ्हाईक नसलं की अण्णा शेजाऱ्याच्या कुत्र्याचे केस कापायचे. तू त्यांचाच. पण आता भिंतीला हात लावायचा नाही. साठ दिवस गप बसायचं. परत आलास तर मी नाही म्हणणार नाही, पण तुझं तोंड मला बघवणार नाही. दुकान पाडलं त्या दिवशी बघितलं तेवढं पुरे.

आणि अण्णांचं वाक्य विसरू नकोस. "कात्री उचलली की कामावर, खाली ठेवली की घरी." मधलं काही नसतं. डबीशीही तसंच वाग, खोटं दाबू नकोस.

तुझं पत्र मी सूनबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही सकाळी पाचपासून साडेनऊपर्यंत ओट्याशी उभ्या असता. बरोब्बर साडेचार तास." मी मोजलं. खरंच की रे! म्हणजे लॉरीवाल्यांना जे कळलं ते मला सत्तावन्न वर्षांत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या ठोक्याला मी गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत घड्याळासमोर जाऊन बसले. हे रिकामा कप घेऊन उभे. म्हणाले, "चहा?" मी म्हटलं, "चहा हातोड्यांत मोडतो. सव्वादहाला या."

ह्यांनी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण सव्वादहा वाजायला इतका वेळ लागतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पंचेचाळीस मिनिटं एकदम बसवत नाही. तुकडे केले तर चालतात का? बाईंना विचार.

ताई

६ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या प्रश्नानं माझी पहिली चूक सापडली. म्हणजे बाईंना सापडली, मला तू विचारल्यावर कळली.

तुकडे चालतात, दोनच करायचे, पण आधी पंधरा, मग तीस. मी तीन आठवडे आधी तीस, मग पंधरा घेत होतो. बेरीज तीच ना? बाई म्हणाल्या, बेरीज तीच, पण शेवटचा तुकडा तीसचा हवा, दमलेला माणूस शेवटी असतो, सुरुवातीला नसतो. आधी तीस घेतले तर ते पंधराच धरतात आणि मागचे पंधरा वाया जातात. म्हणजे तीन आठवडे मी बसलो आणि कागदावर बसलोच नाही. बाईंनी मोठ्या मनानं सगळी मिळून एकच चूक लावली. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं म्हणे. तेव्हा मी त्या अर्ध्या इंचाकडे बघत होतो.

तर तूही आधी पंधरा घे, मग तीस.

बाकी सगळं झकास. माझी काळजी करू नकोस. मी इतकी चांगली विश्रांती घेतो की लांबलांबच्या गाड्यांवरचे लोक बघायला येतात. थांब्यावर ओळखी झाल्यात. एक मिशीवाला आहे, वीस वर्षं दूध वाहतोय. एक आजीबाई आहेत, एकसष्ट वर्षांच्या, तेलाचा टँकर चालवतात आणि रिव्हर्स अशी घेतात की बघत राहावं. सगळे मला मान देतात. समोर मान खाली घालून बसतात.

चहा मिळाला का भाऊजींना?

धाकटा

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

तुझं पत्र उघडलं तर घडीतून केस पडले. काळे, पांढरे आणि एक वीतभर लांब, रंगवलेला तांबडा. माझ्या स्वच्छ पुसलेल्या टेबलावर. ह्यांनी भिंग लावलं, चिमट्यानं तो तांबडा केस उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "मेहुणे गुंतले." मी म्हटलं, गुंतला असेल तर बरंच आहे, कोणीतरी जेवायला घालेल. पण मग मी नीट बघितलं. केसाचं टोक तिरकं कापलेलं. तसं तिरकं आपल्या घरात अण्णा कापायचे आणि दुसरा तू. प्रेमात पडलेल्या माणसाच्या खिशातून तीन डोक्यांचे केस पडत नाहीत.

मान खाली घालून बसतात काय! मला वाटलं, माझ्या भावाला खरंच मान मिळाला. सूनबाईला दोनदा वाचून दाखवलं.

खरं सांग, थांब्यावर काय चाललंय? एक चूक झाली आहे, दोन उरल्यात. रात्री मला झोप लागत नाही आणि झोपेचे तास तर तुझ्या नियमात अकरा आहेत.

इकडचं म्हणशील तर सूनबाईनं पुठ्ठ्यावर खाट काढून दिली आहे. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला दोन हातोडे. मी बसले की खाट बाहेर. काल ह्यांचे मित्र आले, पाटी बघून म्हणाले, "खोली भाड्यानं द्यायची आहे का?"

उलट टपाली उत्तर पाठव.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

चुकलो. सगळं सांगतो.

पहिले दोन आठवडे मी खरंच नुसता बसलो. खिडकीतून खांब मोजले. सतरा आहेत. मग मिशीवाला समोर येऊन उभा राहिला. एका बाजूची मिशी वर, एक खाली. सात दिवस मी ती मिशी बघितली ताई, जेवण गोड लागेना. आठव्या दिवशी म्हटलं, "दादा, दोन मिनिटं बसा." सामानात कात्री होती. का होती ते विचारू नकोस, जित्याची खोड.

मग त्यानं दुसऱ्याला सांगितलं. त्या टँकरवाल्या आजीबाई तर वेणी सोडूनच आल्या. वीतभर कापली, म्हणाल्या मान हलकी झाली. तांबडा केस त्यांचा, भाऊजींना सांग. पैसे मी कुणाकडून घेतले नाहीत. घ्यावेसेच वाटले नाहीत. कात्रीचा आवाज कानाजवळ आला की मला बरं वाटतं, एवढंच.

पण तू लिहिलं होतंस, "कात्री उचलली की कामावर." म्हणून दर वेळी कात्री उचलण्याआधी मी डबीवर हातोडे ठेवले. एकदाही खोटी खाट दाबली नाही. एकतीस डोकी आणि दोन दाढ्या, सगळं हातोड्यांवर.

आता बाईंनी कार्ड वाचलं. कार्डावर काय दिसतं, तर हा माणूस साडेचार तास चालवतो, मग पंचेचाळीस मिनिटं काम करतो, मग परत साडेचार तास चालवतो. दोन आठवडे एकदाही थांबला नाही! बाईंनी म्हणे दोनदा चष्मा पुसला. दोन आठवड्यांच्या दोन चुका. आधीची एक. झाल्या तीन.

बारा मार्चला बोलावलंय. त्या दिवशी साठ दिवसही भरतात. येताना कार्ड आणा म्हणाल्या. कात्रीचं त्यांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतंय मी चोरून कुणाचा तरी माल उतरवतो.

माझ्या खोलीत ट्रंका ठेवल्या असशील तर राहू दे, मी बाहेरच्या खोलीत झोपेन.

धाकटा

२८ फेब्रुवारी

मेहुणे,

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितोय. ती बाहेरच्या खोलीत पहिल्या पंधरा मिनिटांच्या तुकड्यावर बसली आहे, त्यामुळे आटोपशीर लिहितो.

पहिली गोष्ट, तू गाढव आहेस. खाटेचं बटण दाबायचं आणि गप्प केस कापायचे, एवढंही कळू नये? तुझी ताई म्हणते, नाही, बरोबर केलं त्यानं. म्हणते आणि पदराला डोळे पुसते. "मीच त्याला अण्णांचं वाक्य लिहिलं, मीच त्याची नोकरी घालवली," असं दिवसातून चारदा ऐकतोय. तेव्हा बारा तारखेला बाईंसमोर खाली मान घालून उभा राहू नकोस. जे झालं ते सरळ सांग. कात्री दाखव. हवं तर मिशीवाल्याला मिशीसकट घेऊन जा.

दुसरी गोष्ट, तुझ्या त्या नियमांनी माझ्या घराचं वाटोळं केलंय. चहा मला करावा लागतो. परवा भाजीत मीठ दोनदा घातलं, काल एकदाही नाही. सरासरी बरोबर आली, पण खाणारे रडले.

तिसरी गोष्ट तुला सांगायची नव्हती. तिच्या पायांना सूज होती. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, दिवसातून थोडं बसत जा. तिनं कुणाला सांगितलं नाही, चिठ्ठी डब्यात लपवली. मीठ शोधताना मला सापडली. आता बसायला लागल्यापासून सूज उतरतेय. पण पंचेचाळीस मिनिटं झाली की उठतेच, नियम म्हणजे नियम. म्हणून मी एक करतो. तिचा डोळा लागला की हळूच घड्याळाचा काटा पंधरा मिनिटं मागं घेतो. ती कामाला लागली की पुढं करतो. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं बरोबर लावली, आता घरचं चुकवतोय. तिला कळता कामा नये.

तुझी नोकरी गेली तर ती हे बसणंही सोडून देईल. म्हणेल, नियमच वाईट. तेव्हा नोकरी घालवू नकोस.

भाऊजी

१२ मार्च

ताई आणि भाऊजी,

आधी बातमी: नोकरी पक्की झाली! आता बसून वाचा.

सकाळी दहाला बाईंच्या खोलीत गेलो. टेबलावर माझ्या कार्डाचा कागद उलगडलेला, नुसते हातोडेच हातोडे. बाई म्हणाल्या, "कुणाचा माल उतरवता?" मी कात्री टेबलावर ठेवली. बाई खुर्चीसकट मागं सरकल्या. मग मी घाईघाईनं सगळं सांगितलं, मिशी, वेणी, अण्णांचं वाक्य, भिंतीची तुंबडीसुद्धा.

बाईंनी विचारलं, "कुणी सांगितलं होतं कापायला?"

"नाही."

"मोबदला?"

"नाही."

"नाही म्हटलं असतं तर चाललं असतं?"

म्हटलं, "लोकांना चाललं असतं. मला नसतं चाललं. ती मिशी डोळ्यांसमोरून हलत नव्हती."

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत वाचलं आणि माझ्यापुढं फिरवलं. विश्रांती म्हणजे ज्या वेळात माणूस आपल्या मर्जीचा मालक असतो, तो वेळ. खाट म्हणजे आडवंच पडायचं असं कुठं लिहिलेलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "मालकासाठी केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, तर ते काम. तुम्ही तुमच्या आनंदासाठी केलंत. एकतीस वेळा विश्रांती घेतलीत आणि एकतीस वेळा स्वतःच्या विरुद्ध तक्रार नोंदवलीत. वीस वर्षांत कार्डावर खोटी खाट दाबणारे शेकड्यांनी बघितले. खोटे हातोडे दाबणारा पहिलाच."

मागच्या दोन चुका खोडल्या. तीस-पंधराची राहिली, ती माझी खरीच आहे. वर एक अट घातली. दर थांब्याला एकच डोकं. रांग लागली की तो धंदा, आणि धंदा म्हणजे हातोडे. मी म्हटलं, एक डोकं मला पंधरा मिनिटांत होतं. मग बाईच हसल्या. "आधी पंधरा मिनिटं डोकं, मग तीस मिनिटं झोप. आता तरी क्रम लक्षात राहील."

कागदावर सही केली, शिक्का मारला. मी उठलोच नाही. म्हणाल्या, "आता काय?" ताई, मला राहवलंच नाही. म्हटलं, "बाई, डावीकडे अर्धा इंच जास्त आहे."

मला वाटलं, शिक्का पुसतात आता. बाईंनी खिडकीच्या काचेत बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग म्हणाल्या, "माझी सुट्टी एक वाजता असते."

ट्रंका आता माझ्या खोलीतच राहिल्या तरी चालतील.

धाकटा

२० मार्च

धाकट्या,

पत्र वाचलं आणि मी मोठ्यानं रडले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कोण गेलं. म्हटलं, कोणी गेलं नाही, माझा भाऊ राहिला.

अण्णांचं वाक्य मी चुकीचं धरून बसले होते. चार दिवस विचार केला. कुत्र्याचे केस कापताना ते शीळ घालायचे, आठवतं? गिऱ्हाइकाचे कापताना कधी नाही घातली. म्हणजे त्यांनाही कळलेलं होतं. फक्त आपल्याला सांगितलं नाही.

मग मी वही घेतली आणि माझा दिवस लिहून काढला. मर्जीनं किती, कामानं किती. पहाटेपासून हातोडे, हातोडे, हातोडे. भाजी चिरताना गुणगुणते, तिथं ह्यांनी हुज्जत घातली, म्हणाले गुणगुणणं खाट, चिरणं हातोडे. सगळं लिहून झाल्यावर खाटेच्या रकान्यात एकच गोष्ट उरली. तुला पत्र लिहिणं. कुणी सांगत नाही, नाही लिहिलं तर कुणी उपाशी राहत नाही. दिवसभरात एवढंच माझ्या मर्जीचं. तेव्हा आता नोकरी पक्की झाली म्हणून पत्रं बंद करू नकोस. तू थांबलास तर माझी खाट जाईल.

आत्ताही खाटेवरच आहे. पाटी बाहेर लावली आहे. आज स्वयंपाक ह्यांच्याकडे आहे. वास येतोय त्यावरून भाजी खालून लागली असावी, पण हे काही तिकडे जाईनात. मघापासून दारात उभे आहेत, एकदा माझ्याकडे बघतात, एकदा घड्याळाकडे.

तुला एक सांगते, ह्यांना बोलू नकोस. तो काटा हे मागं घेतात ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. घड्याळवाल्याच्या घरात पस्तीस वर्षं काढली, मला टोल मोजता येत नाहीत होय? पायांचं त्यांना कळलंय हेही मला माहीत आहे. चिठ्ठी परत ठेवली ती साखरेच्या डब्यात. मी ठेवली होती मिठाच्या.

भाजी करपली रे पार. तरी हे जागचे हलत नाहीत, माझा डोळा लागायची वाट बघतायत.

तेव्हा आता थांबते, आणि डोळे मिटते.

ताई